रागीट डोळे

दुपारच्या शांततेत जुईचं पैंजण किणकिणलं. मी घाईनं फोनचा आवाज कमी केला, पण लेक नुसतीच कुशीवर वळली होती.

फोनवर एक समीक्षक, गाजलेल्या सिनेमांवरच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्तीला झोडपत होता. "पाच सिनेमांत ज्याच्या नजरेनं माणसं गारठायची, तो नायक इथे गोळी घालताना मायेनं बघतो! ह्याला लढायला पाठवायचं की मखरात बसवायचं?"

ते डोळे मी रंगवले होते. घरबसल्या, जुई झोपली की.

"तरी सांगत होतो गो," धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला माझा नवरा निकेश ताटावरून हसला. "पेणला गणपती रंगवून गेम रंगवता येतो व्हय? आता कंपनी काय तुला दुसरं काम देत नाय."

खरंच होतं ते. संध्याकाळपर्यंत डोळे रागीट करून द्या, नाहीतर काम थांबवा, असा मेल येऊन पडला होता. त्या मेल्या समीक्षकानं स्वतःचे डोळे कधी आरशात पाहिलेत का, कोण जाणे! पण बाबांच्या कारखान्यात लहानपणापासून मूर्तींचे डोळे आखलेला माझा हात. त्याला दुसरी नजर येते कुठे?

लॅपटॉप उघडून मी नायकाच्या भुवया खाली ओढायला घेतल्या, तोच जुईची हनुवटी खांद्यावर टेकली. ती त्याच्या डोळ्यांकडे, मग हातातल्या बंदुकीकडे बघत राहिली.

"आई, हा एवढा चांगला बघतो, मग सगळ्यांना मारतो कशाला?"