एका हिवाळ्यापुरते

“एका हिवाळ्यापुरतेच हवेत,” जगदीशने टायरवाल्याला सांगितलं, आणि नीलांबरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टायरवाल्या केव्हिनने त्यांच्यापुढे दोन नमुने उभे केले होते. एक नवाकोरा, खोल खाचांचा, खास बर्फासाठी केलेला. हा पाच हिवाळे आरामात काढेल, असं केव्हिनने त्यावर थाप मारून सांगितलं होतं. दुसरा वापरलेला. जपानहून जुन्या गाड्या येतात त्यांच्याबरोबर असले टायर उतरतात, त्यांतला. खाचा निम्म्या झिजलेल्या, रबर टणक झालेलं. हा हिवाळा कसाबसा निघेल, असं केव्हिन म्हणाला होता. जगदीशचा हात अर्थातच त्या दुसऱ्यावर होता.

जगदीश साताऱ्याचा डॉक्टर. एक्क्याण्णव साली पार दक्षिण गोलार्धात, डनीडनला आला, इथल्या परीक्षेत दोनदा आपटला. नीलांबरी ज्या हॉस्पिटलात नर्स होती, तिथेच तो आता तपासणीसाठी लोकांचं रक्त काढत होता. “पुढच्या हिवाळ्यात आपण इथे नसणार,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. साताऱ्यात राजवाड्याजवळ त्याच्या धाकट्या भावाने, सुरेशने, दवाखान्यासाठी गाळा राखून ठेवला होता. जायचंच आहे, मग इथे कशाला काही घ्यायचं? आता सत्त्याण्णव उजाडलं होतं. पडदे अजून टाचण्यांवर लटकत होते. सोफ्याचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं. स्टीलच्या डब्यांचं खोकं नायलॉनच्या दोरीसकट गॅरेजमध्ये पडून होतं. आणि दर जूनमध्ये, इथला हिवाळा सुरू झाला की, गाडीला असेच कुणीतरी टाकून दिलेले टायर. रोग्याला पथ्य सांगावं तसं तो ते वाक्य सांगायचा, आणि नीलांबरी निमूट पाळायची.

गुरुवारी सकाळी पाळणं संपलं. लेकीला, ऋग्वेदाला, शाळेत सोडायला ती टेकडी उतरत होती. रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा बर्फ. तिने ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, तशीच घसरत गेली आणि शेजाऱ्यांच्या टपालपेटीवर आदळून थांबली. पेटीच्या पलीकडे उतार थेट खालच्या रस्त्यावर जात होता. मागच्या सीटवर नऊ वर्षांची ऋग्वेदा होती. तेव्हापासून दोन दिवस नीलांबरी धुमसत होती.

“अहो, परवा पोरगी गेली असती,” ती म्हणाली. “तीही एका हिवाळ्यापुरतीच हवीय का तुम्हाला?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत! त्यांना कुठे मराठी कळतंय?”

“नीला, चार महिन्यांसाठी कुणी नवे टायर घेतं का? पुढच्या हिवाळ्यात आपण—”

“बाबा, यू सेड दॅट लास्ट यिअर,” आईला चिकटून उभी असलेली ऋग्वेदा म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र इंग्रजीत.

एवढं केव्हिनलाही कळलं. तो उगाचच हात पुसायला लागला.

नीलांबरीचा तोल सुटला. “जायचंय ना? मग चला! टायरच नकोत. सोमवारी मी राजीनामा टाकते. हिची टर्म पंधरा दिवसांत संपतेय. गाडी ह्याच्याच गळ्यात मारू. तुम्ही दवाखाना उघडा, ड्रेसिंग, इंजेक्शनं मी बघेन. आईंचे गुडघे गेलेत, त्यांच्याकडेही बघणं होईल.”

तोंड उघडलं तेव्हा तिला त्याची फक्त खोड मोडायची होती. पण बोलता बोलता तिचा आवाजच बदलला. खोकं गॅरेजमधून कसं बाहेर काढायचं, हेसुद्धा तिला दिसायला लागलं. दोरी तर बांधलेलीच होती. सहा वर्षं ती त्या वाक्याला बोल लावत आली होती, आणि सहा वर्षं त्याच वाक्यावर जगत आली होती. तिला जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं.

“आजच भाऊजींना फोन करा,” ती म्हणाली. “म्हणावं, गाळा झाडून ठेवा. आम्ही येतोय.”

जगदीशने जुन्या टायरवरचा हात काढला.

“गाळा भाड्याने दिलाय.”

“काय? कधी?”

“तीन वर्षं झाली. चपलांचं दुकान आहे तिथे.”

“आणि भाऊजींनी आपल्याला साधं विचारलंसुद्धा नाही?” ती कडाडली. “सख्खा भाऊ ना हो तुमचा? फोन लावाच तुम्ही, मीच बोलते त्यांच्याशी!”

“त्याला काही बोलू नकोस,” जगदीश म्हणाला. “तो नकोच म्हणत होता. मीच सांगितलं देऊन टाक म्हणून.”

तीन वर्षं. म्हणजे तीन हिवाळे. तीन वेळा ह्याच दुकानात, ह्याच तोंडाने तेच वाक्य. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ऋग्वेदाने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता म्हणून, नाहीतर वाजवलीच असती.

जगदीश तिच्याकडे न बघता केव्हिनकडे वळला. “फोर,” तो म्हणाला. “द न्यू वन्स.”

“गुड ऑन यू, मेट!” केव्हिनचा चेहरा खुलला. आता पाच वर्षं काळजी नको, असं त्याने नीलांबरीलाही हसून सांगितलं, आणि शीळ घालत तो मागच्या खोलीतून एकेक टायर गडगडत बाहेर आणायला लागला.

ज्यांच्यासाठी ती दोन दिवस भांडली ते चारही टायर नीलांबरीसमोर रांगेत उभे राहिले, आणि तिला त्यांतला एकही नको होता.