अर्धा इंच

पाचांपैकी एकच हुक लागलं. महानंदा श्वास रोखून आरशासमोर उभी राहिली, मग पलंगावर बसली, आणि पद्मनाभने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. सलग चौथ्या रविवारी हेच चाललं होतं.

ब्लाउज तिच्या आईने दिलेल्या खणाचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात घातलेलं. आता लेकीचं, उल्काचं लग्न अडीच महिन्यांवर आलं होतं, आणि महानंदाचा हट्ट एकच होता. आई आता नाही, निदान तिचा खण तरी अंगावर असू दे. नवं शिवून घे म्हणायची सोय नव्हती. पद्मनाभ एकदा तसं म्हणाला होता, आणि त्या दिवशी त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

त्या ब्लाउजसाठी तिने मोबाइलवर बघून कसलंसं कडक डाएट धरलं होतं. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी, रात्री दुधीचं बिनमिठाचं सूप. चार दिवस हे चाले. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराआड निपाणीहून आलेल्या भडंगाचा डबा उघडे, आणि बंद होई तेव्हा तळ दिसत असे. मग दोन दिवस ती स्वतःवर चिडे. उल्का नोकरीला पुण्यात, त्यामुळे राजाजीनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत उरलेली सगळी चीड पद्मनाभच्या वाट्याला येई.

त्या गुरुवारी कुकर उतरवताना तिला चक्कर आली. ओट्याला धरून ती खाली बसली आणि डाएट लागू पडतंय म्हणाली. पद्मनाभ तेव्हा खरा घाबरला.

तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचा. केसभर फरक निघाला तरी अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस. तीस वर्षांत त्याने मापात खोट चालू दिली नव्हती. शुक्रवारी सकाळी त्याने कपाटातून ब्लाउज काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत लपवलं आणि बसस्टॉपजवळ यल्लव्वाच्या शिलाईच्या दुकानात नेलं.

यल्लव्वाने ब्लाउज उलटं केलं. जुन्या शिंप्याने दोन्ही बगलांत अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवली होती.

"सोडते की अण्णा," ती म्हणाली. "पण आतलं कापड स्वल्प गडद आहे. जुनी टीप दिसेल बघा."

बगलेत कोण बघतंय, असं पद्मनाभने सांगितलं, आणि संध्याकाळी महानंदा देवापुढे दिवा लावत असताना ब्लाउज होतं तिथे ठेवून दिलं.

रविवारी पाचही हुकं लागली. पद्मनाभने शुक्रवारपासून तयार ठेवलेलं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं. वजन उतरलं की नाही, असं तो दोनदा म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने. महानंदा ब्लाउज बदलायला आत गेली. तिने बराच वेळ लावला आणि डोळे पुसत बाहेर आली. मग परात काढली, ज्वारीचं पीठ घेतलं आणि तुम्ही किती भाकऱ्या खाणार, असं विचारलं. त्या दिवशी ती महिन्याभराने पोटभर जेवली. आता हे ब्लाउज थेट लग्नाच्या आठवड्यातच घालीन, असं तिने जेवताना जाहीर केलं.

तिथून पद्मनाभचे वाईट दिवस सुरू झाले. महानंदा रोज वेळेवर जेवू लागली. सकाळी दोन इडल्या, दुपारी भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, वाटीभर भात आणि ताक. रात्री आठच्या आत पुन्हा एक भाकरी, आणि मग शेजारच्या हेमलताअक्काबरोबर पार्काला तीन फेऱ्या. भडंगाचा डबा दाराआडून ओट्यावर आला. चार वाजता त्यातलं मूठभर ती चहाबरोबर राजरोस खाई आणि झाकण लावून टाकी. तिची चिडचिड पार गेली. घरात पुन्हा हसू ऐकू येऊ लागलं, ते पद्मनाभलाही आवडत होतं.

पण प्रत्येक भाकरीबरोबर ते ब्लाउज त्याच्या डोळ्यांपुढे येई. आता उसवायला कापडच उरलं नव्हतं. आपल्या लबाडीपायी हिने पथ्य सोडलं, ऐन लग्नात हुक तुटणार, आणि त्याच्याबरोबर सव्वीस वर्षांचा विश्वासही जाणार. खरं सांगून टाकावं असं त्याला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा तिने ताटात गरम भाकरी वाढली आणि त्याचं तोंड बंद झालं. काळजीने त्याच्याच कमरेचा पट्टा एक भोक आत गेला.

लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा महानंदाने कपाट उघडलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. पद्मनाभ बाहेर उभा राहिला. त्याने मनातल्या मनात माफीची दोन वाक्यं जुळवली आणि तिसरं शोधू लागला.

दार उघडलं. पाचही हुकं लागलेली होती. महानंदाने बगलेतलं कापड चिमटीत धरून दाखवलं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सहज हातात येत होतं.

"सैल झालंय बघा की," ती म्हणाली. "जुनी टीप अजून स्पष्ट दिसतेय, त्याच खुणेवर पुन्हा शिवायला सांगा. दुकान तुम्हाला माहीत आहेच."