तिखट कानाच्या बाई

"येतोय," कपडेपटवाल्या बाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "बारीक घूं घूं. कानाशी डास फिरावा तसा."

स्टेजवर आपल्या दिव्याशेजारी उभ्या असलेल्या सेल्समनने कपाळाला हात लावला. पाचवा! ओळीने पाचवा दिवा या बाईंनी नापास केला होता.

नाट्यगृहाला बारा मूव्हिंग वॉश घ्यायचे होते. मान फिरवणारे, रंग बदलणारे, सगळ्या स्टेजवर मऊ उजेड पसरणारे एलईडी दिवे. निवड करायची होती प्रकाशयोजना करणाऱ्या काकांनी. काका जाणकार, त्याबद्दल वादच नाही. पण त्यांच्या परीक्षेची तऱ्हाच न्यारी! आधी बाईंना स्टेजवर उभं करायचं आणि चेहऱ्यावर एकेक रंग आणून बघायचा. गुलाबी, केशरी, मग पहाटेचा निळसर. "चेहरा चांगला दिसला पाहिजे हो, भिंत काय, कशीही दिसते," असं म्हणत त्यात तास घालवायचा.

मग दिव्याचं तोंड मागच्या काळ्या पडद्याकडे वळवायचं, आणि दोघांनी पाचव्या रांगेत शेजारी शेजारी बसून, डोळे मिटून तीन मिनिटं नुसतं ऐकायचं. या दिव्यांच्या पोटात गार करणारा पंखा असतो. नाटकात कुणी शेवटचा श्वास घेतोय आणि वरून पंखा घरघरतोय, असं झालं की प्रेक्षक हसतात. तेव्हा काकांचं म्हणणं चूक नव्हतं.

"पण काका, तुम्हाला स्वतःला येतोय का आवाज?" सेल्समनने विचारलं.

"मला कुठला यायला! चाळीस वर्षं दिवे मंद-तेज करणाऱ्या डिमरच्या घरघरत्या खोलीत काढली, बारीक आवाज गेले माझे. म्हणून तर बाईंना बसवतो. त्यांचे कान फार तिखट. पडद्यामागे टाचणी पडली तरी कोणत्या झग्याची ते सांगतील."

"सांगेनच," बाई म्हणाल्या. पर्समधून थर्मास काढून त्यांनी दोन पेले भरले. मग सेल्समनकडे लक्ष गेलं तसा तिसराही भरला.

इकडे सेल्समनचा जीव टांगणीला लागला होता. साहेबांनी सकाळीच फोनवर सुनावलं होतं, "उद्या सही आणा, नाहीतर परगावच्या गोदामात जा आणि खोकी मोजत बसा." त्याची लेक नुकती कुठे शाळेत रुळली होती. गोदामात गेलं की ती दिसणार महिन्यातून एकदा.

घरी त्याने सगळी कर्मकथा बायकोला ऐकवली.

"चौथा दिवा तर मी स्वतः कान लावून ऐकला गं. काही म्हणजे काही आवाज नव्हता! काका बिचारे साधे, बाई म्हणतील ती पूर्व दिशा. कुठंतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या कंपनीने फितवलं असणार तिला."

"असेल," बायको म्हणाली. "मग असं करा, उद्या ऐकायच्या वेळी दिवा बंदच ठेवा. बघू या काय ऐकू येतं ते."

सेल्समन तिच्याकडे बघतच राहिला. एवढी वर्षं धंद्यात घालवून आपल्याला हे सुचू नये!

दुसऱ्या दिवशी तो सहावा दिवा घेऊन हजर झाला. काकांची दाढी गुळगुळीत होती, शर्टाला कडक इस्त्री होती. बाईही नेहमीपेक्षा आधीच येऊन बसल्या होत्या.

"हा शेवटचा," सेल्समन म्हणाला. "याच्यापुढे आमच्याकडे दिवाच नाही." गोदामाचं मात्र त्याने तोंडातून काढलं नाही. दया म्हणून मिळालेली सही त्याला नको होती.

"शेवटचा?" बाईंचा आवाज उतरला. "आणि हा पास झाला की मग?"

"मग काय? दिवे लागतील, आमची ये-जा संपली."

'बघ, कशी दचकली,' तो मनात म्हणाला. 'त्या कंपनीचं घोडं अडणार ना आता!'

चेहऱ्याची परीक्षा झाली. आज तर काकांनी केशरी रंगावरच अर्धा तास काढला. मग दिवा काळ्या पडद्याकडे वळला, नाट्यगृहाच्या साध्या ट्यूबलाइट लागल्या, आणि काका-बाई पाचव्या रांगेत जाऊन बसले.

"मिटा डोळे," काका म्हणाले.

दोघांनी डोळे मिटले. सेल्समनने हळूच वाकून प्लग उपसला. दिवा विझला, पंखा थांबला. त्याने श्वाससुद्धा रोखून धरला. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात आता आवाज म्हणून नव्हता.

एक मिनिट गेलं. दोन गेली. तीन.

"काय बाई?" काकांनी विचारलं.

बाईंनी मान थोडी तिरकी केली, कपाळाला आठी घातली आणि चांगला विचार करून म्हणाल्या, "येतोय. कालच्यापेक्षा जरा जास्तच."

सापडली! सेल्समनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सही झाली, गोदाम टळलं, लेक आता रोज दिसणार. आता काकांनी डोळे उघडायचीच काय ती खोटी! त्याने प्लग झेंड्यासारखा उंच धरला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच काका गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "खरंय बाई, आज तर मलासुद्धा येतोय."