रिकामी शेड

बाजारातली जुनी शेड नुसती रिकामी पडलीय, तिचं काय करायचं ते गावातल्या तरुणांनीच ठरवावं, असं सरपंच दत्तूआबांच्या मनात होतं. म्हणून तर त्यांनी सगळ्यांना आपल्या अंगणात बोलावलं होतं.

सतरंजीवरच्या पोरांनी वेळ लावला नाही. "व्यायामशाळा करा, आबा!" सगळे हात एकदम वर गेले. गावात असं एकमत आधी कधी झालेलं आबांना आठवेना. त्यांना फार बरं वाटलं.

तेवढ्यात त्यांची लेक प्रांजली चहाचा ट्रे घेऊन पुढ्यात वाकली आणि तिचं सोललेलं कोपर त्यांना दिसलं.

"हे कशानं गं?"

"कबड्डीत लागलं, आबा."

"कबड्डी? कुठं खेळता?"

"त्या शेडमध्येच. रोज पहाटे. अख्खी टीम आहे आम्हा पोरींची."

आबांनी तिच्या हातातला ट्रे स्वतःकडं घेतला आणि पोरांना म्हणाले, "सरका रे जरा."

"तू बस इथं," ते प्रांजलीला म्हणाले. "आणि बाकीच्यांनाही बोलावू या. कुणाला पाठवू त्यांच्या घरी?"

"घरी नाहीत त्या," प्रांजली म्हणाली. "आपल्याच मोरीत कप विसळताहेत."