जळकोटची एकमेव रुग्ण

१९६१ साली जळकोटची धुरपदाबाई ठणठणीत बरी झाली, पण तसं काही झालंच नाही असं गावानं ठरवलं. नसांवरचं आवरण झिजवणाऱ्या तिच्या आजारावर डॉक्टर गफार गावात राहून संशोधन करत होते आणि अख्ख्या जिल्ह्यात त्यांना तेवढी एकच रुग्ण सापडली होती. विंचवापासून बाळंतपणापर्यंत गावाचं सगळं मात्र तेच बघायचे. ती बरी झाली म्हटलं की दवाखाना बंद आणि डॉक्टर परत हैदराबादला.

म्हणून संशोधनाला पैसे देणाऱ्या खात्याचे साहेब मुंबईहून तपासणीला आले, तेव्हा धुरपदाबाई बाजेवर पडून होती. डॉक्टरांना खोटं बोलता येत नसल्यामुळं गावानं त्यांना जळवाडीला लग्नाला धाडलं होतं.

"दोन्ही पाय हलतच न्हाईत, साहेब," ती कण्हली.

साहेबांनी हळहळत लिहून घेतलं आणि ते निघाले.

"आसं कसं, च्या घेऊन जावा की," म्हणत धुरपदाबाई टुणकन उठली आणि चुलीपुढं जाऊन बसली.



दुसऱ्या दिवशी गावाचा अर्ज मुंबईला गेला: "पाहुण्यांस चहा करणे हे सदर आजाराचेच लक्षण मानून, डॉक्टरसाहेब निवृत्त होईपर्यंत या महिलेस आजारी समजण्यात यावे, ही नम्र विनंती."