दामिनीचं केबिनेट

दवाखान्यातून दामिनी गेल्याचा फोन आला. मारोतरावांच्या हातात फोन तसाच होता, तेवढ्यात बायकोचा भाचा अंकुर म्हणाला, "मावसाजी, मावशीचं ग्राफिक्स कार्ड आता कोण वापरन?"

तेरवीला बायकांनी तिच्या साड्या वाटून घेतल्या आणि पोरांनी तिचा कॉम्प्युटर. एकेक भाग आणून तिनं तो स्वतः जोडला होता.

"केबिनेट, हा वरचा डबा, राहू द्या तुमाले, आठवण म्हणून. तसंबी जुनंच आहे," अंकुर म्हणाला.

आतलं सगळं बदललं तरी ते लाडकं केबिनेट दामिनीनं कधी बदललं नाही. त्याच्या पंख्याच्या घरघरीनं झोप लागत नाही, म्हणून मारोतराव रोज तिच्यावर ओरडायचे.

पुढच्या आठवड्यात मारोतरावांच्या रिसालीतल्या घरी पार्सल आलं. आजारी पडण्याआधी दामिनीनं मागवलेला, आवाज न करणारा पंखा.

तो बसवायचा राहिला आहे.