रानॲस्टरची ओळखपरेड

"हे कुठलं?" संचालकबाईंनी वाळलेल्या फुलाचा पुठ्ठा टेबलावरून पुढे सरकवला.

फुलोबाने भिंग डोळ्याला लावलं. फुलोबा हे त्याचं नाव नव्हे, सासऱ्याने चिकटवलेलं विशेषण. उन्हातान्हात रानॲस्टर हुडकत फिरणारा जावई पदरी पडल्यावर माणूस दुसरं काय करणार.

पुठ्ठ्यावर जिथे फुलाच्या नावाची चिठ्ठी असते, तिथे खाकी कागद घट्ट डकवला होता. फुलोबाला हे फार आवडलं. आजवरच्या मुलाखतींत त्याला वडील काय करतात, राहता कुठे, असलंच विचारलं होतं आणि जागा कुणाच्या तरी भाच्याला गेली होती. पेपरात ‘ॲस्टरचे तज्ज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात दिलेल्या या संग्रहालयात सरळ फूल समोर ठेवत होते. ओळख, नाहीतर घरी जा. इथे भाच्याच्या मामालाही घाम फुटला असता.

"पानं खोडाला मिठी मारून बसतात, तो," फुलोबा म्हणाला आणि त्याने शास्त्रीय नाव सांगितलं.

"कशावरून?"

"रंगावर जाऊ नका, बाई. वाळल्यावर जांभळा काय नि पांढरा काय, सगळे चहाच्या डागासारखे. तोंडही बघू नका, तोंडं सगळ्यांची सारखीच. मान बघा. फुलाखालचे हे खवले बाहेर वळलेत. आणि खोडावरचे केस राठ, चहूबाजूंनी. याच्या चुलतभावाचे केस रेघेत येतात, भांग पाडल्यासारखे."

बाईंच्या शेजारी कारकून खाली मान घालून भराभर लिहीत होता.

"भांग नका लिहू," बाई त्याला म्हणाल्या. "केस रेघेत, एवढंच." मग फुलोबाकडे वळून, "सकाळी एक प्राध्यापक येऊन गेले. ते याला चुलतभावच म्हणाले."

"प्राध्यापकांनी भिंग उलटं धरलं असेल."

कारकून हसला. बाई हसल्या नाहीत. "मग खरं कुणाचं मानायचं?"

"तुम्हाला ठाऊक आहे की. मला कशाला खेळवता?"

"मला ठाऊक असून काय उपयोग? तुम्ही पटवून द्या."

फुलोबाने बाह्या सारल्या आणि पटवून दिलं. त्याला पटवून देणं भागच होतं. सासऱ्याचं कमोड आणि बेसिनांचं दुकान होतं, आणि या सोमवारपासून जावयाने तिथे बसायचं असं घरात ठरून गेलं होतं. "तिथेही सगळं पांढरं आणि सारखंच दिसतं, फुलोबा," सासरा म्हणाला होता, "तुमच्याच कामाचं आहे." बायको एरवी नवऱ्याची बाजू घ्यायची. पण काल रात्री तीही म्हणाली, "बाबांना किती दिवस सांगू, की हे संशोधन करतात? त्यांना वाटतं तुम्ही नुसते भटकता. ही शेवटची मुलाखत. नाही झालं तर मुकाट्याने दुकानात बसा."

तज्ज्ञ म्हणजे असा माणूस, ज्याला सगळे चहाला बोलावतात आणि पगाराला विसरतात. फुलोबा या विसराळूपणाला विटला होता.

म्हणून तो जीव तोडून बोलत होता. एक पुठ्ठा झाला की कारकून कपाटातून दुसरा काढायचा. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं भणभणलं. जेवणाची वेळ टळली. एका जोडीने तर नाकी नऊ आणले. दोन्ही जुळे भाऊ, फरक फक्त पानाच्या पाठीवर. एकाला मधल्या शिरेवरच लव, दुसऱ्याला पाठभर. फुलोबाने दोन्ही पुठ्ठे खिडकीशी नेऊन बाईंना भिंगातून दाखवले. बाईंनी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या.

नको असलेल्या माणसाला इतका वेळ कुणी पिळत नाही, हे फुलोबाला कळत होतं. त्याला चहा आला. बिस्किटं आली. पुठ्ठे येतच राहिले.

शेवटच्या पुठ्ठ्यावर नुसती काटकी होती. फूल किड्याने खाल्लेलं, पान एकही नाही.

"हा कोण?"

"नाही सांगता येणार."

"अंदाजे?"

"काटकीवरून नाव सांगणारा तज्ज्ञ नसतो, बाई, ज्योतिषी असतो. आज मी अंदाजे सांगायचं, आणि पुढच्यांनी जन्मभर चुकत राहायचं."

बाईंनी मान डोलावली. "लिहा, ओळख पटत नाही." मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी फुलोबाचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखा माणूस आम्हाला फार आधी भेटायला हवा होता. बाहेर थोडं बसता का?"

फुलोबा बाहेरच्या बाकावर बसला आणि त्याने घरी फोन लावला. फोन सासऱ्याने उचलला.

"काय फुलोबा, सोमवारी दुकान उघडायला येताय ना? गिऱ्हाईकांना सांगून ठेवलंय, शास्त्रज्ञ येतोय म्हणून."

"त्यांना सांगा, शास्त्रज्ञाला नोकरी लागली."

"हातात कागद आलाय?"

"येईल. तुम्हाला रीतसर उत्तर देतो, मामा. तुमच्या दुकानात मी बसणार नाही. सोमवारी नाही, कधीच नाही. माझ्यासाठी राखलेल्या खुर्चीलाही भोक पाडा आणि विकून टाका."

पलीकडे फोन टेबलावर आदळला. मग बायकोचा घाबरलेला आवाज आला, "अहो, काय बोललात बाबांना? ते तुमची ट्रंक दाराबाहेर काढतायत."

"काढू दे," फुलोबा म्हणाला आणि पाय लांब करून त्याने पाठ टेकली. कितीतरी वर्षांनी त्याला मोकळं वाटत होतं.

आतलं दार नीट लागलं नव्हतं. डिंकाचा वास बाहेर येत होता, आणि त्यामागून बाईंचा आवाज: "चला, ॲस्टरचं कपाट एकदाचं मार्गी लागलं, सगळ्यांना नावं डकवून टाका. पुढचं गवतांचं ना? मग उद्याच्याच पेपरात द्या, गवताचे तज्ज्ञ पाहिजेत, जागा एक, कायमस्वरूपी."